ब्रेकचा इतिहास आणि कॅलिपरचे दोन बोल्ट

मागच्या भागात आपण क्लचबद्दल बोललो, आज ब्रेक. ब्रेकचा इतिहास सांगताना लोक बहुधा चकती आणि पॅडपाशी थांबतात. लाकडाचा ठोकळा, मग ड्रम, मग डिस्क, मग एबीएस, झाला इतिहास. मला आज आणखी एक पायरी खाली उतरायचं आहे. पॅड चकतीला पकडतं हे खरं, पण पॅडला कोण पकडतं? कॅलिपर. आणि कॅलिपरला? बोल्ट. ब्रेक पॅड बदलायला गाडी गॅरेजमध्ये जाते तेव्हा दर वेळी हे बोल्ट उघडले जातात आणि पुन्हा लावले जातात. ते कसे लावले, हे गाडीचा मालक कधी विचारत नाही. पॅड कोणत्या कंपनीचे, हे मात्र चार वेळा विचारतो.

सुरुवात १८८८ सालापासून करू. त्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी गेल्या. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. त्यांनी एका गावातल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची पहिली नोंद म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने डोंगराळ डर्बीशायरमध्ये गाडीवान लोक लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात धंदा शिरला. १८९७ साली त्याने सुरू केलेली कंपनी म्हणजे आजची फेरोडो. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचं ‘ई’ घातलं की फेरोडो तयार होतं. म्हणजे दोन्ही गोष्टींत मूळ पादत्राणांचं. माझ्यासारख्या पायदळातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

१९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना आजच्यासारखीच होती: चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. पण चिमट्याला तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासला की जो कर्कश आवाज होतो तो लोकांना सहन झाला नाही, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबंही भराभर झिजायचं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. तो झाकलेला, धुळीपासून सुरक्षित, आवाज कमी. पुढची पन्नास वर्षं त्याचीच झाली. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. ही करामत माल्कम लॉकहीड यांची. विमानांच्या कंपनीमुळे आपल्याला ठाऊक असलेलं लॉकहीड हे नाव त्यांच्याच घरातलं.

डिस्क मेली नाही, ती लष्करात जाऊन राहिली. ब्रिटिशांच्या डेमलर चिलखती गाडीत चाकाच्या हबमध्येच गिअर बसवलेले होते, त्यामुळे तिथे ड्रमला जागाच उरली नव्हती. गर्लिंग कंपनीने तिला डिस्क ब्रेक दिले. जर्मनांच्या टायगर रणगाड्यालाही आर्गुस कंपनीचे डिस्क ब्रेक होते. डेमलर गाड्या नंतर भारतीय सैन्यानेही वापरल्या. म्हणजे आपल्या शहरांत अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी पुढच्या चाकांनाही ड्रम घेऊन धावत होत्या त्याच्या कितीतरी आधी, काही भारतीय जवान डिस्क ब्रेकची देखभाल करून मोकळे झाले होते. हे आपण सांगत नाही, कारण आपल्याला ठाऊक नसतं.

नागरी जगाला डिस्क ब्रेकची ताकद कळली ती शर्यतीत. जग्वार आणि डनलॉप या दोन कंपन्यांनी मिळून विमानांवरचं तंत्र मोटारीवर आणलं. १९५२ साली इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस हे डिस्क ब्रेकची सी-टाइप घेऊन उतरले, शेजारी जग्वारचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युईस. त्याच वर्षी रीम्समध्ये मॉस जिंकले. १९५३ च्या ल मान्सला टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी तीच जातीची गाडी चोवीस तास चालवून पहिला क्रमांक घेतला आणि शंभर मैलांपेक्षा जास्त सरासरी वेग पहिल्यांदा त्या शर्यतीत नोंदला गेला. ड्रमवाल्यांना वळणाआधी जिथे ब्रेक दाबावा लागे, त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन हे दाबत. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो, पेडल खाली जातं. चकती उघड्यावर असते, वारा लागतो. पण या गाड्यांना एक खोड होती. खडबडीत रस्त्यावर चाक हलून पॅड चकतीपासून मागे ढकललं जायचं आणि पुढचं पेडल पोकळ जायचं. म्हणून चालक सरळ रस्त्यावर आधीच पेडल हलकं दाबून ठेवत. ही खोड लक्षात ठेवा, पॅड बदलताना पुन्हा भेटणार आहे.

१९५५ च्या सिट्रोएन डीएसने डिस्क घराघरांत नेली. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने ती मोटरसायकलवर रुळवली. आपल्याकडे मजा पाहा: यामाहाची आरडी ३५० बाहेरदेशी डिस्क ब्रेकने विकली जात होती, आणि १९८३ पासून तीच आपल्या कारखान्यात राजदूत म्हणून बनली तेव्हा पुढे ड्रम बसवला गेला. इतकी पळणारी गाडी आणि थांबायला ड्रम. १९९९ च्या हिरो होंडा सीबीझेडपासून तरुण पोरं पुढच्या चाकातली चकती मिरवू लागली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान जोडब्रेक बंधनकारक झाला. आज खेडोपाडी डिस्क आहे. आणि प्रत्येक डिस्कमागे कॅलिपर, प्रत्येक कॅलिपरमागे बोल्ट.

आता बोल्टाकडे येऊ. इथे जरा रेंगाळणार आहे.

बोल्ट म्हणजे खुंटी, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. भोकात घातली, अडकली, काम झालं. तसं नाही. नीट आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. आवळताना तो किंचित लांबतो आणि परत आखूड व्हायच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोर बोल्ट सोसत नाही, त्या दोन दाबलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण सोसतं. ढोबळ हिशेब करू. बाराशे किलोची गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा पुढच्या एकेका कॅलिपरच्या ब्रॅकेटवर सुमारे नऊशे किलोचा रेटा येतो, कारण चकती चाकापेक्षा लहान आहे. बारा मिलिमीटरचा बोल्ट १०० न्यूटन-मीटरला आवळला तर तो चार टनांच्या आसपास दाबतो. दोन बोल्ट, आठ टन. कोरड्या स्वच्छ पोलादात घर्षण त्याच्या सातव्या हिश्शाएवढं धरलं, तरी अकराशे किलोंच्या वर पकड मिळते. नऊशेचा रेटा आला तरी सांधा जागचा हलत नाही. हेच बोल्ट अर्धेच आवळले तर पकड पावणेसहाशेवर येते. मग प्रत्येक ब्रेकला सांधा केसभर सरकतो.

आणि सरकला की बोल्ट सुटतो. हे १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं. त्याआधी समजूत अशी की बोल्ट लांबीच्या दिशेच्या हादऱ्यांनी ढिला होतो. युंकरने आडव्या दिशेने हलवणारं यंत्र बांधलं आणि दाखवलं की सांधा आडवा सरकू लागला की आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरत जातो, कोणी पाना न लावता. त्याच कसोटीवर आपल्या लाडक्या स्प्रिंग वायसरचाही फारसा उपयोग नाही असं निघालं. आजही कितीतरी मिस्त्री ‘वायसर टाकलाय, काळजी नको’ असं सांगतात. काळजी करा. पुरेसा ताण हेच पहिलं कुलूप. आट्यांवर लावायचं चिकट द्रव हे दुसरं. ते व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९५३ साली शोधलं, हवा नसलेल्या जागीच ते घट्ट होतं. त्यातूनच लॉकटाइट नावाचा धंदा उभा राहिला.

ताण मोजायचा कसा? हातात तराजू नाही. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनराड बार यांनी १९१८ च्या सुमारास मोजून आवळणारा पाना बनवला, कारण नळांचे बोल्ट कमीजास्त आवळले जाऊन गळती होत होती. त्यालाच आपण टॉर्क पाना म्हणतो. पण तोही ताण मोजत नाही, तो फक्त पिळाचा जोर मोजतो. त्या जोराचा नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. म्हणून आट्यांना ग्रीस लागलं की त्याच आकड्याला बोल्ट भलताच ताणला जातो, कधी तुटतोही. गंजलेले, मातीने भरलेले आटे असतील तर उलट: पाना ‘टक्’ करतो आणि बोल्टात ताण आलेलाच नसतो. सगळी स्वच्छता आहे ती या दहा टक्क्यांसाठी.

फौजेत हे आम्हाला पुस्तकातून फार थोडं कळलं, उतारांवरून जास्त. रोहतांगचा माथा ३९७८ मीटरवर, मनाली दोन हजारांच्या थोडं वर. एका टनाच्या वजनाने एवढं खाली उतरायचं तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात पंचावन्न लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. हे फक्त एका टनामागे. भरलेल्या शक्तिमानचा हिशेब तुम्हीच करा. इंजिन थोडं जिरवतं, बाकीचं ब्रेकच्या वाट्याला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ जातीचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम, पाणी शोषलेल्याला १५५ पर्यंत. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पेडल तळाला. त्यामुळे ताफा निघायच्या आधी चालक स्वतः गाडी खालून-वरून बघायचा, आणि वर्कशॉपमध्ये ब्रेक किंवा स्टिअरिंगचं काम एकाने केलं तर दुसऱ्याने तपासल्याशिवाय गाडी बाहेर पडायची नाही. १५ ऑक्टोबर १९४३ ला उभी राहिलेली ईएमई कोअर गाड्या दुरुस्त करते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुरुस्त झालेलं पुन्हा बघते, हे तिचं निम्मं काम.

नागरी गॅरेजात हा दुसरा माणूस नसतो. निवृत्तीनंतर आमच्या शेजाऱ्यांची गाडी पॅड बदलून आली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “कर्नलसाहेब, स्पीडब्रेकरवर पुढून टकटक येतंय. नवीन पॅड बसायला वेळ लागतो म्हणे.” टॉर्च घेऊन बघितलं तर डाव्या कॅलिपरचा खालचा पिन बोल्ट जागेवर नव्हता. कॅलिपर वरच्या एकाच बोल्टावर लोंबत होता. वरचा निघाला असता तर कॅलिपर रिममध्ये अडकून फिरला असता, नळी तुटली असती, ऑइल गेलं असतं. त्यांना त्याच संध्याकाळी मुलीला सोडायला घाट उतरून जायचं होतं. गॅरेजचं नाव सांगत नाही. पोरगा अठरा-एकोणीसचा होता, बोल्ट हाताने लावून चहाला गेला असणार, परत आल्यावर चाक कोणीतरी चढवलेलं. हे कुठेही होऊ शकतं, इंदूरला, बेळगावला, हैदराबादला.

म्हणून काम कसं व्हायला हवं ते सांगतो. स्वतः करणार असाल तरी, समोर उभं राहून करवून घेणार असाल तरी. महाराष्ट्राबाहेरच्यांनी एवढं लक्षात ठेवा की हिंदी मुलखातल्या गॅरेजात आट्यांना ‘चूडी’ म्हणतात. ‘चूडी साफ करके लगाओ’ म्हटलं की मिस्त्री तुमच्याकडे आदराने बघतो.

गाडी सपाट जागी, न उघडायच्या चाकांना दगड. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही, हा हुकूम समजा. मोटारीच्या बहुतेक कॅलिपरना दोन जातींचे बोल्ट असतात. लहान ते पिन बोल्ट, कॅलिपरचा धड सांभाळणारे, साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटरचे. मोठे ते ब्रॅकेटचे, साधारण ८० ते ११० चे. मघाचा नऊशे किलोंचा रेटा मोठ्यांवर येतो. पॅड बदलायला बहुधा फक्त लहान काढावे लागतात, चकती बदलायची तर मोठेही. दोघांना एकच जोर लावणारा मिस्त्री लहानाचे आटे घालवतो किंवा मोठा ढिला ठेवतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा.

काढलेला कॅलिपर नळीवर लोंबू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. एका बाजूचं काम पूर्ण होईपर्यंत दुसरी उघडू नका, नमुना म्हणून ती समोर असते. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. दोन्ही कॅलिपर काढलेच तर डावं-उजवं बदलू नये. बदललं तर एअर काढायची निपल खालच्या बाजूला येते आणि हवा वर अडकून बसते, कितीही पंप करा. पिस्टन मागे दाबण्याआधी ऑइलच्या डबीत बघा, काठोकाठ असेल तर थोडं काढा, नाहीतर बाहेर सांडून रंग खाईल. काही गाड्यांच्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन फिरवून आत जातो. त्याला क्लॅम्पने रेटून मोडू नका.

धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. खुद्द फ्रूडनेच पुढे लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घातलं, ब्रिटनने १९९९ साली ते बंद केलं, पण तुमच्या जुन्या पॅडमध्ये काय आहे हे डबा बघून कळत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

पिन ओढून बघा. अंगठ्याने आत-बाहेर सरकायला हव्यात. रबरी टोपी फाटली असेल तर पाणी शिरून पिन जाम होते आणि मग आतला पॅड संपतो, बाहेरचा नवाच्या नवा राहतो. पिनेला सिलिकॉनचं ग्रीस, साधं नाही, कारण साध्याने रबर फुगतं. वरची पिन वर, खालची खाली, बऱ्याच गाड्यांत एकीच्या टोकाला रबर असतं. ग्रीस पिनेला, बोल्टाच्या आट्यांना नाही, आणि चकतीला तर बोटही नको.

आता बोल्ट. तारेच्या ब्रशने आटे साफ करा. कंपनीने ‘दर वेळी नवा बोल्ट’ म्हटलं असेल तर नवाच घ्या. होंडाच्या कितीतरी मोटरसायकलींना पुढच्या कॅलिपरसाठी असं लिहिलेलं असतं, कारण त्या बोल्टाच्या आट्यांवर कारखान्यातच कुलूप-द्रव लावलेला असतो आणि तो एकदाच काम करतो. जिथे द्रव लावायला सांगितलं आहे तिथेच, कोरड्या आट्यांवर थेंबभर. पहिले तीन-चार फेरे बोटांनी. पाना लावायची गरज पहिल्याच फेऱ्याला पडली तर आटे वाकडे धरले आहेत, उलटा फिरवा, पुन्हा धरा. दोन्ही बोल्ट बोटांनी बसल्यावर मग टॉर्क पाना, एका सावकाश ओढीत. लगेच रंगाची बारीक रेघ बोल्टाच्या डोक्यावरून कॅलिपरवर ओढा. नळी पिळली गेली नाही ना हे चाक चढवण्याआधी बघा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून.

चाक चढलं, नट आवळले, आणि आता मॉस-ड्युईसांच्या गाडीची ती खोड. पिस्टन मागे ढकललेला आहे, पॅड आणि चकतीत फट आहे. पहिलं पेडल पोकळ जाणारच. गाडी एक इंचही हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. गॅरेजच्या दारातून मागे घेताना भिंतीला बसलेल्या गाड्या याच कारणाने बसतात. मग ऑइलची पातळी बघा.

पहिले काही किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून वीसवर हलके-हलके ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ. दोनशे किलोमीटरपर्यंत घाट टाळता आला तर बरं. शंभरेक किलोमीटर झाले की टॉर्च घेऊन रंगाची रेघ बघा. रेघ सरळ असेल तर पाना लावू नका, सुकलेलं द्रव तुम्हीच मोडाल. रेघ तुटलेली दिसली, केसभर जरी, तर तो बोल्ट काढा, साफ करा, नव्याने लावा, आणि शेजारच्यालाही बघा.